नकार द्या, पण मापासकट: आमच्या एचओएच्या (घरमालक संघाच्या) आर्किटेक्चरल कमिटीला खुले पत्र

आर्किटेक्चरल कमिटीचे सर्व सभासद आणि बोर्ड यांस,

स.न.वि.वि.

जानेवारीत तुम्ही सगळ्या घरमालकांना एक पानी ‘पॅटिओ गाइडलाइन’ (घरामागचा ओटा आणि त्यावरचं छप्पर, म्हणजे कव्हर, यांचे नियम) ईमेलने पाठवलीत. तेव्हापासून बॅकयार्डमधल्या कामांचे अर्ज दोनच प्रकारे परत येताहेत. एक, ‘इन्कम्प्लीट’. दुसरा, ‘कम्युनिटी स्टँडर्डशी जुळत नाही’, एवढ्या एका ओळीचा नकार. काय जुळत नाही, किती फुटांनी जुळत नाही, काय बदललं म्हणजे जुळेल, यातलं काहीही त्या ओळीत नसतं. फोन केला की मॅनेजमेंट कंपनी म्हणते कमिटीला विचारा, आणि कमिटीला विचारावं तर म्हणे पोर्टलवर टाका.

हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. कमिटीतले निम्म्याहून अधिक सभासद मराठी आहेत आणि अडकलेल्या अर्जांतही मराठी घरं बरीच आहेत. गणपतीत एका ताटात प्रसाद घेणाऱ्यांनी एकमेकांना वकिलाच्या लेटरहेडवरून बोलावं, असं आम्हाला वाटत नाही. यातल्या मागण्या इंग्रजीत पोर्टलवरही टाकल्या आहेत. टेक्सासमधल्या कॉलिन काउंटीतल्या इतर सबडिव्हिजनमधल्या (वसाहतींतल्या) मराठी लोकांनीही हे वाचावं, कारण कमिट्या वेगळ्या असल्या तरी दुखणं तेच आहे.

आम्हाला नियम नकोत असं मुळीच नाही. बॅकयार्डमध्ये कोणी काहीही ठोकलं तर त्याचं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं, हे आम्हीही जाणतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की तुमचा नियम बांधता येण्याजोगा असावा आणि तुमच्या नकारात माप असावं.

आता त्या एका पानाकडे येऊ. त्यात दोन अटी एकाखाली एक आहेत. पॅटिओ कव्हरला घराच्या छपरासारखेच शिंगल्स (कौलांसारखे डांबरी तुकडे) हवेत, आणि कव्हरची उंची घराच्या सध्याच्या पागोळीच्या वर जाता कामा नये. वाचायला दोन्ही अटी सोज्वळ आहेत. एकत्र बांधायला घ्या, म्हणजे कळेल.

डांबरी शिंगल्सना इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोडप्रमाणे किमान २:१२ उतार लागतो, म्हणजे दर फुटाला दोन इंच. २:१२ ते ४:१२ च्या मध्ये असाल तर खाली अंडरलेमेंटचा (पाणी अडवणाऱ्या कागदाचा) दुहेरी थर लागतो, आणि २:१२ च्या खाली शिंगल्स चालतच नाहीत. आपल्याकडे सर्रास मागितलं जाणारं कव्हर १२ बाय २० फुटांचं असतं. घरापासून १२ फूट बाहेर आलं की २:१२ ने उतार होतो २४ इंचांचा. एकमजली पागोळीची खालची बाजू जमिनीपासून साधारण साडेआठ फुटांवर. तिच्याखालून छप्पर सुरू केलं तर बाहेरची कड येते साडेसहा फुटांवर. त्यातून वाशांचे साडेपाच इंच आणि तुळईचे सव्वानऊ इंच वजा करा. उरले सव्वापाच फूट. त्या तुळईखालून आजीसुद्धा वाकूनच जाईल.

मग मार्ग दोन. एक म्हणजे कव्हर घराच्या छपरावर चढवून त्यात मिसळायचं. त्यासाठी जुने शिंगल्स उचकटावे लागतात, नवं फ्लॅशिंग (सांध्यात पाणी अडवणारा पत्रा) बसवावं लागतं, खर्च वाढतो आणि मूळ छपराच्या वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. शिवाय तुमची दुसरी अट मोडते. दुसरा मार्ग शिंगल्स सोडून स्टँडिंग सीमचा धातूचा पत्रा घालायचा. त्याला कोडप्रमाणे पाव इंच प्रतिफूट एवढा उतारही पुरतो. १२ फुटांत उतार फक्त तीन इंच, आणि तुळईखाली सरळ सात फूट मोकळे. पण इथे तुमची पहिली अट मोडते. आमच्या माहितीतल्या अर्जांना ‘शिंगल्स नाहीत’ म्हणूनही नकार मिळाला आहे आणि ‘पागोळीच्या वर जातं’ म्हणूनही. दोन्ही अटी पाळून १२ फुटांचं कव्हर कसं उभं करायचं, त्याचं एक रेखाचित्र कमिटीनेच काढून दाखवावं.

तिसरी अट या दोन्हींहून घातक आहे: ‘कव्हर घराला जोडलेलं असावं, स्वतंत्र उभं नको.’ आपल्या सगळ्या घरांच्या भिंती विटांच्या दिसतात. त्या विटा घर पेलत नाहीत. आत लाकडी सांगाडा आहे, मध्ये साधारण इंचभर पोकळी आहे आणि विटांचा थर पातळ धातूच्या पट्ट्यांनी त्या सांगाड्याला धरून ठेवलेला आहे. त्या थरात बोल्ट मारून लेजर बोर्ड (कव्हरची घराकडची बाजू पेलणारी आडवी फळी) टांगला तर छपराचं ओझं विटांवर येतं. पहिलं वादळ झालं की तिथून तडे जायला लागतात. योग्य पद्धत दोनपैकी एक: विटा काढून लेजर थेट सांगाड्यात बसवा आणि पुन्हा फ्लॅशिंग करा, किंवा घराशेजारी खांबांची वेगळी रांग उभी करून कव्हर घरापासून इंच-दोन इंच मोकळं ठेवा. दुसरी पद्धत स्वस्त आणि निर्धोक आहे. जाणते कॉन्ट्रॅक्टर तीच सुचवतात. तिच्यावर तुम्ही बंदी घातलीत. आता काही कॉन्ट्रॅक्टर कागदावर ‘अटॅच्ड’ लिहून विटांत बोल्ट मारताहेत. नियम पाळल्याचा हा परिणाम आहे.

जमिनीबद्दल तर गाइडलाइनमध्ये एक अक्षर नाही. आपण ब्लॅकलँड प्रेअरीच्या पट्ट्यावर राहतो. ही माती म्हणजे आपली विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीनच. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथेही एकेकाळी कापूसच होता. अशा जमिनीत चार इंचांच्या स्लॅबवर नुसत्या प्लेटा ठोकून खांब उभे केले तर तीन-चार वर्षांत एक कोपरा वर आणि एक खाली जातो. खांबाखाली पाया हवा. साध्या कव्हरला निदान १२ इंच व्यासाचा आणि तीन फूट खोल, म्हणजे एका खड्ड्याला ८० पौंडी काँक्रीटची चार पोती. तुमच्या लाडक्या विटांच्या चौकोनी खांबांना तेवढा पुरत नाही, कारण विटांचं ओझं वेगळंच. आणि इथेच गंमत होते. खांबांना वीट लावा, असं कमिटी कधी सांगते? काँक्रीट ओतून झाल्यावर, दुसऱ्या फेरीत. तेव्हा पाया वाढवायचा म्हणजे स्लॅब फोडायचा. पायाची खोली आणि खांबाचं आवरण ही दोन्ही एकाच वेळी, पहिल्याच फॉर्मवर विचारायची बाब आहे.

घराच्या मूळ स्लॅबबद्दलही सांगायला हवं. आपली बहुतेक घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेल्या काँक्रीटवर) आहेत, गॅरेजच्या दाराशी तसा शिक्का सापडतो. त्या स्लॅबच्या कडेला भोकं पाडून नवा पॅटिओ सळ्यांनी जोडा, असा सल्ला कमिटीच्या एका ईमेलमध्ये दिलेला आम्ही पाहिला. कृपा करून तो मागे घ्या. आतली ताणलेली केबल किंवा तिचं टोक ड्रिलखाली आलं, तर नुकसान पॅटिओचं नाही, घराचं होतं. दोन्हींच्या मध्ये एक्स्पान्शन जॉइंटची पट्टी ठेवायची असते. बस.

आता पाणी. तुमच्या फॉर्ममध्ये लाकडाच्या रंगाची छटा, तिचा कंपनीचा कोड आणि नमुन्याचा फोटो, असे तीन रकाने आहेत. पाण्यासाठी एकही नाही. १२ बाय २० च्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे १५० गॅलन पाणी जमतं, आणि इथे वसंतात एक इंच पाऊस अर्ध्या तासातही होतो. हे पाणी डाउनस्पाउटमधून (पन्हाळीच्या उभ्या नळीतून) कुठे सोडलंय, ते कोणी बघत नाही. आपल्या प्लॉटांचा उतार बिल्डरने ठरवून दिलेला आहे. काहींचं सगळं पाणी घराच्या बाजूने रस्त्यावर जातं, काहींचं अर्धं पुढे आणि अर्धं मागे, काहींचं सगळं मागच्या हद्दीकडे. त्यासाठी दोन घरांच्या मध्ये उथळ चर ठेवलेली असते. गवताखाली ती दिसत नाही. नवा पॅटिओ नेमका तिच्यावर येतो आणि पुढच्या पावसात शेजाऱ्याचं अंगण तळं होतं. कोड म्हणतं, पायापासून पहिल्या १० फुटांत जमीन सहा इंच उतरावी, आणि तिथे काँक्रीट असेल तर दोन टक्के उतार घराबाहेरच्या दिशेने असावा. कमिटीने अर्जावर एकच प्रश्न विचारायचा ठरवला, तर तो हा विचारावा. रंगाचं नंतर बघू.

आता वेळेबद्दल. आपल्या डिक्लरेशनमध्ये (एचओएच्या मूळ दस्तऐवजात) उत्तराला ३० दिवस दिले आहेत. होतं असं, की अठ्ठाविसाव्या दिवशी ‘इन्कम्प्लीट’ येतं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. पहिल्यांदा सर्व्हे (प्लॉटचा मोजणी नकाशा) हवा म्हणतात, तो दिला की बाजूचं रेखाचित्र, ते दिलं की रंगाचा नमुना. फेब्रुवारीत टाकलेला अर्ज असा जूनमध्ये पोहोचतो. तोवर कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनची मुदत संपलेली असते, लाकडाचा भाव बदललेला असतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या बॅकयार्डात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेलेला असतो. संध्याकाळी सहाला काचेच्या दारापाशी हात ठेवून पाहा. ती सावली आम्ही शोभेसाठी मागत नाही.

नकाराबद्दल कायदा स्पष्ट आहे. टेक्सास प्रॉपर्टी कोडचं कलम २०९.००५०५ हे २०२१ पासून लागू आहे. चाळीसहून जास्त प्लॉट असलेल्या आणि बिल्डरच्या ताब्यातून सुटलेल्या आपल्यासारख्या असोसिएशनला ते लागू पडतं. त्यानुसार नकार लेखी हवा, त्यात नकाराचं कारण पुरेशा तपशिलाने हवं, मंजुरीसाठी काय बदल करावे लागतील ते हवं, आणि घरमालकाला ३० दिवसांच्या आत सुनावणी मागता येते हेही त्यातच कळवायला हवं. सुनावणी मागितली की बोर्डाने ती ३० दिवसांत घ्यायची आणि तारीख किमान दहा दिवस आधी कळवायची. ‘कम्युनिटी स्टँडर्डशी जुळत नाही’ या एका ओळीत यातलं काय बसतं? कलम २०९.००५१ नुसार अशा अपिलावर बोर्डाने आगाऊ सूचना देऊन, सभासदांना खुल्या असलेल्या बैठकीतच मत द्यायचं असतं. ईमेलवर ‘माझं नो’ लिहून ते निकालात काढता येत नाही.

त्याच २०९.००५०५ मध्ये असंही आहे की बोर्डावरची व्यक्ती, तिचा जोडीदार किंवा तिच्या घरात राहणारी व्यक्ती आर्किटेक्चरल कमिटीवर बसू शकत नाही. कारण साधं आहे. नकार देणाऱ्यानेच अपील ऐकलं तर ते अपील कसलं? आपल्याकडे आज एकाच घरातली माणसं बोर्डावर आणि कमिटीवर, दोन्हीकडे आहेत. नाव लिहायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. यात कोणाच्या सचोटीवर शंका नाही. कमिटीवर यायला कोणी तयार होत नाही म्हणून जागा भरली गेली, हेही आम्ही समजतो. आता दोघं जण यायला तयार आहेत. तेव्हा ती सबब राहिलेली नाही.

आणि त्या एका पानाचा दर्जा काय? कलम २०२.००६ सांगतं की अशी नियमावली काउंटीच्या मालमत्ता दप्तरात दाखल होईपर्यंत तिला कायद्याने काहीही परिणाम नसतो. आम्ही काउंटी क्लर्ककडच्या नोंदी पाहिल्या. डिक्लरेशन आहे, २०१४ ची डिझाइन गाइडलाइन आहे. जानेवारीचं पान नाही. म्हणजे ज्याच्या आधारावर अर्ज नाकारले जाताहेत, ते आज तरी एक ईमेल आहे.

तुळशीवृंदावनाचा विषय वेगळा मांडतो, कारण त्यावर भलतेच गैरसमज आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. एका घराला ‘यार्ड ऑर्नामेंट, उंची ३६ इंचांहून जास्त’ म्हणून नोटीस गेली. वृंदावन हे ऑर्नामेंट नाही. कलम २०२.०१८ घरमालकाला आपल्या घरावर किंवा जागेत श्रद्धेने धार्मिक वस्तू ठेवण्याचं संरक्षण देतं, आणि २०२१ च्या बदलानंतर ते फक्त दाराच्या चौकटीपुरतं राहिलेलं नाही. पण घरमालकांनीही पुढचं वाचावं: हे संरक्षण सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) आणि इझमेंट (इतरांच्या वापरासाठी राखलेली पट्टी) मोडायला नाही. आपल्या सर्व्हेवर मागच्या कुंपणालगत तुटक रेघ असते, तिच्याशी बहुधा ‘यू.ई.’ (युटिलिटी इझमेंट) असं लिहिलेलं असतं. ती पट्टी वीज, गॅस आणि केबलवाल्यांची. तिथे विटांचं वृंदावन बांधलं तर उद्या ते खोदून काढतील आणि तक्रारीला जागा राहणार नाही. वृंदावन त्या रेघेच्या अलीकडे आणा. खरं तर फिरती कुंडीच बरी. इथे तुळशीचं लग्न आणि पहिलं हिव मागेपुढेच येतात, आणि हिवात तुळस एका रात्रीत काळी पडते.

पावसाच्या पाण्याच्या पिंपांबद्दलही सरसकट ‘नाही’ म्हणता येत नाही. कलम २०२.००७ तशी बंदी घालू देत नाही. घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याच्या दिशेने पिंप नको, असं मात्र तुम्ही म्हणू शकता.

शेजाऱ्याच्या सहीचा फॉर्म हा आणखी एक फास. ‘शेजाऱ्याला कल्पना दिली’ एवढाच त्याचा अर्थ होता. आता सही नाही म्हणून अर्ज थांबतो. आपल्या इथली काही घरं गुंतवणूक कंपन्यांच्या मालकीची आहेत, भाडेकरू वर्षागणिक बदलतो. सही कोणाची आणायची?

खोट आमच्या बाजूलाही आहे, ती झाकत नाही. इंटरनेटवरचा एखाद्या रिसॉर्टचा फोटो चिकटवून ‘असं करायचं आहे’ लिहिलेले अर्ज आम्ही पाहिले आहेत. काम आधी आणि अर्ज नंतर, हेही घडतं. शहराचं परमिट मिळालं म्हणजे एचओएची परवानगी झाली, असं धरणारे आहेत, आणि उलटंही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि दोन्ही लागतात. खोदण्याआधी दोन कामाचे दिवस ८११ ला (जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेला) कळवायचं असतं, ते फुकट असतं, तरी कोणी कळवत नाही. म्हणून अर्जदारांनो, पहिल्याच दिवशी हे द्या: सर्व्हेची प्रत, तिच्यावर कव्हरचा चौकोन आणि तीनही कुंपणांपासूनची अंतरं, बाजूचं एक रेखाचित्र, त्यात घराकडची उंची, बाहेरच्या कडेची उंची आणि उतार, छपराचं साहित्य, पायाचा व्यास आणि खोली, डाउनस्पाउट कुठे सुटतो त्याचा बाण, खांबाचं आवरण आणि रंगाचा कोड. वहीच्या दोन पानांत मावतं. हाताने काढलं तरी चालेल, मापं लिहिलेली असली म्हणजे झालं.

कमिटीकडे आमच्या मागण्या अशा:

१. जानेवारीचं पान ताबडतोब मागे घ्यावं. नवी नियमावली घरमालकांसमोर चर्चेला ठेवून काउंटीत दाखल करावी आणि त्यानंतरच वापरावी.

२. नव्या नियमावलीत छपराचं साहित्य उताराप्रमाणे ठरावं: २:१२ आणि वर शिंगल्स, त्याखाली स्टँडिंग सीम किंवा कोडला चालणारं दुसरं साहित्य, रंग घराशी जुळता.

३. विटांच्या भिंतीलगत स्वतंत्र खांबांवरच्या कव्हरला मुभा असावी.

४. वर दिलेली यादी हाच एकमेव चेकलिस्ट असावा. त्यात उणं असेल तर दहा दिवसांत, सगळं एकदम आणि एकदाच सांगावं. त्या एका फेरीनंतर घड्याळ थांबू नये.

५. प्रत्येक नकारात नियमाचा क्रमांक, अर्जातलं माप, हवं असलेलं माप आणि सुनावणीचा हक्क, एवढं लिहिलेलं असावं.

६. प्रत्येक मंजुरीआधी पाण्याची वाट सर्व्हेवर तपासावी.

७. शेजाऱ्याची सही माहितीपुरती धरावी. सही मिळत नसेल तर ईमेल पाठवल्याचा पुरावा पुरेसा मानावा.

८. बोर्डाच्या घरातली व्यक्ती कमिटीवरून उतरावी आणि जागा पुढच्या बैठकीत भरावी.

९. जानेवारीपासून परत आलेले सगळे अर्ज, पुन्हा फी न घेता, २०१४ च्या दाखल गाइडलाइनप्रमाणे तपासावेत. निर्णयांची यादी नावं आणि पत्ते झाकून पोर्टलवर ठेवावी, म्हणजे कोणाला धातूचा पत्रा मिळाला आणि कोणाला का नाही, हे दिसेल.

बोर्डाच्या पुढच्या नियमित बैठकीची सूचना निघायची आहे. कायद्याने ती १४४ तास आधी निघावी लागते. तिच्या अजेंड्यावर हा विषय यावा. आम्ही येताना परत आलेले अर्ज, प्रत्येकाचा सर्व्हे आणि १२ फुटांच्या त्या कव्हरचं मापासकट रेखाचित्र घेऊन येऊ. एक टेप आणि एक लेव्हल तुम्ही आणा.

कळावे,

सबडिव्हिजनमधले मराठी घरमालक
कॉलिन काउंटी, टेक्सास